तिसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं

सख्ख्या नवऱ्यानं बायकोच्या एका गाण्यावर हात वर करून मतदान घ्यावं, असं कुणी कधी ऐकलंय का? टेलरबाईंनी तरी ऐकलं नव्हतं. आणि काहीही ऐकायला त्यांच्याकडे तेव्हा मोजून तीन दिवस उरले होते.

पण हे असं मधूनच सांगून चालणार नाही. सोमवारपासून सांगायला हवं.

सोमवारी कानाच्या डॉक्टरांनी टेलरबाईंना आणि त्यांच्या मुलीला समोर बसवलं आणि कागदावर कान काढून दाखवला. डावा कान लहानपणी तापात गेला होता. त्याबद्दल टेलरबाईंनी कधी कुरकुर केली नव्हती. एका कानावर त्यांनी संसार केला, शिवणाची गिऱ्हाइकं सांभाळली, मुलीला वाढवलं. आता त्या उरलेल्या उजव्या कानाच्या नसेवर गाठ आली होती आणि ती मेंदूकडे सरकत होती. "पुढच्या मंगळवारी काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "जिवाला धोका नाही. पण त्या कानानं नंतर ऐकू येणार नाही."

"थोडंसुद्धा नाही?" मुलीनं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. यंत्राचाही उपयोग व्हायचा नाही म्हणाले. वरच्या पट्टीतले बारीक आवाज तर आत्ताच ऐकू येत नाहीत, हे त्यांनी तपासणीचा आलेख दाखवून सांगितलं. टेलरबाईंनी तो आलेख पाहिला. शिवण उसवल्यासारखी एक रेघ उजवीकडे खाली खाली गेली होती.

घरी येऊन त्या रडल्या वगैरे नाहीत. मशीनवर एक पँट अर्धवट होती, तिचे पाय आखूड करून झाले, इस्त्री झाली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवून विचार केला, की काय काय ऐकायचं राहिलंय. मुलीचा आवाज होताच, ती रोज येत होती. नातीला समोर बसवून सगळ्या कविता म्हणायला लावता येणार होत्या. खरं राहिलेलं असं एकच होतं. चाळीस वर्षांपूर्वी अर्ध्यावर सुटलेलं एक गाणं.

आता ते का सुटलं, ते ऐका.

त्या काळी एक गायक होता. त्याचं खरं नाव भारदस्त होतं, पण त्याचे चाहते त्याला लाडानं घोगऱ्या म्हणायचे, कारण त्याचा आवाज कायम सर्दी झाल्यासारखा बसका. त्या बसक्या आवाजावर निम्मी तरुण पोरं जीव टाकायची. टेलरबाई आणि त्यांचे यजमान भेटले ते त्याच्या सहाव्या रेकॉर्डसाठी दुकानाबाहेर लागलेल्या रांगेत. ते पुढे, त्या मागे. दुकानात शेवटची एकच रेकॉर्ड उरली आणि ती दोघांनी मिळून घेतली. पुढं ती कुणाकडे राहणार यावर महिनाभर भांडण झालं, आणि शेवटी लग्न करणंच सोपं ठरलं. तेव्हा ते दुसऱ्याच्या दुकानात केस कापायला होते. स्वतःचं सलून पुढं झालं, म्हणून त्यांना आपण सलूनवालेच म्हणू.

घोगऱ्याच्या एकूण बारा रेकॉर्ड. नऊपर्यंत सगळं झकास होतं. मग त्याला मोठा अपघात झाला, वर्षभर तो अंथरुणाला खिळला, आणि उठला तो देवाचं नाव घेत उठला. दहावी रेकॉर्ड आली ती सगळी प्रार्थनेची. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, रेडिओवाल्यांनी ती लावलीच नाही. पण हे दोघं पहिल्याच दिवशी जाऊन ती घेऊन आले. खोली एकच, खुर्ची एकच. रेकॉर्ड प्लेअर स्टुलावर आणि ही दोघं जमिनीवर मांडी घालून बसलेली.

पहिली दोन गाणी त्यांनी चुपचाप ऐकली. तिसरं सुरू झालं. त्यात एक माणूस पुलावर उभा राहून देवाला विचारत होता, की तू आहेस का? असलास तर एकदा हो म्हण, मोठ्यानं नको, माझ्यापुरतं म्हण. दुसरं कडवं संपत आलं आणि टेलरबाईंच्या अंगावर काटा आला. नवी नवरी होत्या त्या, देवाधर्माचं विशेष वेड नव्हतं, पण असं तोंडावर विचारणारा कुणी त्यांना कधी भेटला नव्हता. आता हा पुढं काय म्हणतो, देव हो म्हणतो की नाही, म्हणून त्यांनी कान पुढं केला. आणि नवऱ्यानं उठून सुई उचलली.

"संपला हा माणूस," तो म्हणाला. "आता गुडघे टेकणार. मला नाही बघवत."

त्याचीही बाजू होती, नाही म्हणत नाही मी. सलूनवाल्यांचे वडील कडक धार्मिक. घरात गाणं म्हणजे पाप. पोरगा घोगऱ्याचं गाणं गुणगुणताना सापडला तर पट्ट्यानं मारायचे, आणि मारताना देवाचं नाव घ्यायचे. घोगऱ्याचं गाणं ही त्या पोराची त्या घरातून पळून जायची वाट होती. तोच घोगऱ्या शेवटी बापाच्या बाजूला जाऊन बसला, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांनी त्या रेकॉर्डच्या कव्हरला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. अकरावी आणि बारावीही त्यांनी विकत घेतली, कारण संच मोडायचा नाही. पण घरी आणल्या आणल्या त्यांनाही पट्ट्या लावल्या. म्हणजे ठेवायच्या, पण वाजवायच्या नाहीत. असलं खूळ जमवाजमव करणाऱ्या माणसांनाच सुचतं.

पुढं सलून झालं, सलूनमध्ये माणसाच्या उंचीचे दोन लाकडी स्पीकर आले आणि घोगऱ्याच्या चाहत्यांचं मंडळ आलं. दर शनिवारी दुपारी दोनला गिऱ्हाइकं बंद, दाराला आतून कडी, आणि एकेक रेकॉर्ड क्रमानं ऐकायची. मंडळात चौघं. सलूनवाले, एक निवृत्त पोस्टमन, एक चष्मेवाला आणि गणिताचे एक सर. टेलरबाई चहा द्यायच्या आणि कोपऱ्यात बटणं लावत ऐकायच्या, पण त्या सभासद नव्हत्या. का नव्हत्या, हे कुणी कधी विचारलं नाही. मंडळाचा नियम सरांनी सुवाच्य अक्षरात लिहून आरशाशेजारी लावला होता. दहावी, अकरावी आणि बारावी या रेकॉर्ड मंडळात वाजवल्या जाणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षांत बाईंना दुसरीकडे कुठं ते गाणं मिळालं नाही? नाही मिळालं. रेडिओवर ते कधीच लागलं नाही. फोनवर मुलीनं शोध शोध शोधलं, तर नऊच्या नऊ होत्या, पण शेवटच्या तिन्ही नव्हत्या, त्यांच्या हक्कांवरून घोगऱ्याच्या मुलांचं भांडण चालू होतं. आणि खरं सांगायचं तर बाईंनीच विषय सोडून दिला होता. नवऱ्याला नको ना, मग राहू दे, असं म्हणत म्हणत माणूस किती काय काय राहू देतो. पुढं कधीतरी ऐकू, असं त्या धरून चालल्या होत्या. पुढं म्हणजे आता मंगळवार.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सलूनवाले ढसाढसा रडले. त्यांनी बायकोचं डोकं मांडीवर घेतलं, तेल लावलं, कानामागून हलकेच बोटं फिरवली. माणूस वाईट नाही हो, म्हणूनच तर राग जास्त येतो.

"तुला काय हवंय ते सांग," ते म्हणाले. "काहीही माग."

"दहाव्या रेकॉर्डवरचं तिसरं गाणं," त्या म्हणाल्या. "तुझ्या मोठ्या स्पीकरवर. शेवटपर्यंत." घरात त्या नवऱ्याला तू म्हणायच्या. अहो फक्त चारचौघांत.

सलूनवाल्यांची बोटं थांबली.

"ते सोडून काहीही माग."

"ते सोडून मला काही नको."

"अगं, त्या पट्ट्या मी चाळीस वर्षांपूर्वी लावल्यात. माझ्यासाठी तो नववीवर मेला. आणि मंडळाचा नियम आहे. मी एकट्यानं कसा मोडू? शनिवारी विषय मांडतो."

विषय मांडतो! टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या उठल्या, तेलाची वाटी झाकली आणि मशीनवर जाऊन बसल्या. राग आला की त्या सरळ शिवण घालतात. त्या संध्याकाळी त्यांनी पाच उशांचे अभ्रे शिवले.

गुरुवारी नणंद आली. ही सलूनवाल्यांची थोरली बहीण, वडिलांच्या वळणावर गेलेली. येताना फळं आणली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "वहिनी, माझं ऐक. उरलेल्या दिवसांत देवाचं नाव कानावर पडू दे. ती थिल्लर गाणी कशाला?"

"अहो वन्सं, त्या गाण्यात देवच आहे," टेलरबाई म्हणाल्या.

"बाजारातल्या गाण्यात कसला देव? ढोलकी वाजतेय, कंबर हलतेय, आणि म्हणे प्रार्थना! देवाला हाक मारायची काही रीत असते."

झालं. भावाला ते गाणं नको, कारण त्यात देव होता. बहिणीला नको, कारण त्यातला देव तिच्या मापाचा नव्हता. आणि या दोघांच्या भांडणात कान कुणाचा? टेलरबाईंचा. त्यांनी नणंदेला चहा दिला, फळं ठेवून घेतली, आणि ती गेल्यावर दार असं लावलं की शेजारणीनं दार उघडून पाहिलं.

शनिवार उजाडला. दोन वाजता टेलरबाई सलूनमध्ये गेल्या तेव्हा मंडळी आधीच जमली होती. पोस्टमन खुर्चीत मान मागं टाकून बसले होते, कारण शनिवारी त्यांची दाढी फुकट असायची. गालाला साबणाचा फेस, आणि सलूनवाल्यांच्या हातात वस्तरा. सर वही उघडून बसले होते. चष्मेवाले चष्मा पुसत होते. टेलरबाई आत आल्या तसा सगळ्यांनी आवाज खाली केला. बहिऱ्या होणाऱ्या बाईसमोर आवाज खाली करायचा, याला काय म्हणावं!

"वहिनी, बसा," सर म्हणाले. "मंगळवारचं कळलं. फार वाईट वाटलं."

"वाईट वाटू नका, सर. रेकॉर्ड लावा."

सरांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की विषयपत्रिकेत तोच विषय आहे. आमच्या सगळ्यांची तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण नियम एकदा वाकला की वाकतच जातो. आज तिसरं गाणं, उद्या कुणी म्हणेल अकरावी लावा. आमची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट आहे. आम्हाला घोगऱ्याचं गाणं आवडतं, त्याचं प्रवचन नाही."

"प्रवचन?" टेलरबाई म्हणाल्या. "पहिल्या नऊत काय आहे मग? दुसऱ्या रेकॉर्डवर तो पोरीला देवदूत म्हणतो. चौथीवर तिच्या दारात त्याला स्वर्ग दिसतो. सातवीत तर तिच्या पायाशी बसून प्रार्थनाच करतो, ते गाणं तुम्ही डोळे मिटून ऐकता. ते चालतं?"

"ती अलंकारिक भाषा आहे, वहिनी."

"म्हणजे खोटं बोलला तर गाणं. मनापासून बोलला की प्रवचन."

पोस्टमनना फेसातून हसू फुटलं. सलूनवाल्यांनी त्यांची मान सरळ केली. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही, ते वस्तऱ्याकडेच पाहत होते.

"मतदान घेऊ," सर म्हणाले. "नियम कायम ठेवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

सरांनी स्वतःचा हात वर केला. खुर्चीतून पोस्टमननी अंगावरच्या कापडाखालून हात काढला आणि थोडासा, खांद्यापर्यंत, वर केला. चष्मेवाले चष्मा पुसतच राहिले, त्यांनी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही. एकदम कडेकडेनं चालणारा माणूस. आणि मग तिसरा हात. सलूनवाल्यांनी वस्तरा धरलेलाच हात वर केला. छतावरच्या दिव्यात पातं चमकलं.

टेलरबाई ते पाहत राहिल्या. सोमवारी ज्या हातानं कानामागून तेल लावलं होतं, तोच हात होता.

"एक विचारते," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. "तुमच्यापैकी ती रेकॉर्ड कुणी कुणी ऐकली आहे? पोस्टमनभावजी, तुम्ही?"

"मी..." पोस्टमन चाचरले. "म्हणजे यांनीच सांगितलं होतं मला, की भयंकर आहे म्हणून."

"सर?"

"माझ्याकडे त्या वेळच्या परीक्षणाचं कात्रण आहे. अत्यंत सविस्तर."

"गाणं ऐकलंत का, ते विचारतेय मी. आणि चष्मेवाले?"

"मी मंडळात आलो तेव्हा नियम होताच," चष्मेवाले म्हणाले. "मला वाटलं, सगळ्यांनी ऐकलं असेल."

"आणि तुम्ही?" त्या नवऱ्याकडे वळल्या.

"मी ऐकलंय."

"किती?"

सलूनवाल्यांनी वस्तरा पुसला. "अडीच गाणी."

"अडीच गाणी!" आता मात्र बाईंचा बांध फुटला. "इतकी वर्षं नियम आरशाला लावून बसलात, आणि चौघांत मिळून अडीच गाणी? कसले चाहते तुम्ही? मी रोज लोकांचे कपडे शिवते. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. आणि तुम्ही न ऐकता माणूस मोडीत काढलात!"

"अगं, हळू," सलूनवाले म्हणाले.

"हळू कशाला? मला तीन दिवसांनी माझाच आवाज ऐकू येणार नाहीये, मला बोलू दे!" आणि इथं त्यांनी चारचौघांत पहिल्यांदा नवऱ्याला तू म्हटलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. "तुझ्या बापानं देवाच्या नावानं गाणी बंद केली. तू देव नको म्हणून केलीस. दोन्ही वेळा पट्टाच! तुझी बंद झाली तेव्हा तू घर सोडून पळालास. माझी बंद झाली तेव्हा मी काय केलं? चहा केला. वर्षानुवर्षं दर शनिवारी तुम्हाला चहा केला!"

पोस्टमनच्या गालावरचा फेस सुकायला लागला होता.

टेलरबाई कपाटाकडे गेल्या. रेकॉर्ड क्रमानं लावलेल्या होत्या, त्यांनी दहावी ओढून काढली. चिकटपट्टी पिवळी पडून कव्हरला घट्ट धरून बसली होती. त्यांनी आरशासमोरची कात्री उचलली.

"ती केसांची कात्री आहे!" सलूनवाले कळवळून ओरडले. "धार जाईल!"

"जाऊ दे. माझ्या कापडाच्या कात्रीनं तू पाकिटं फोडलीस तेव्हा तुला धार आठवली नाही."

चारी बाजूंच्या पट्ट्या कराकरा कापून त्यांनी रेकॉर्ड बाहेर काढली. काळी कुळकुळीत, जवळजवळ कोरीच. त्यांनी ती प्लेअरवर ठेवली, सुई तिसऱ्या गाण्याच्या आधीच्या रिकाम्या पट्ट्यावर टेकवली आणि आवाजाचं बटण उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं. मग एक स्टूल ओढून त्या स्पीकरच्या इतक्या जवळ बसल्या, की उजवा कान जाळीला टेकला. एक तळवा त्यांनी लाकडावर ठेवला. अडवायला कुणी पुढं आलं नाही. नवरासुद्धा नाही.

आधी ढोल. लांबून कुणी दार ठोठावतंय तसा, संथ. तळव्याला तो कानाआधी कळला. आणि मग घोगऱ्या. तोच बसका, खालच्या पट्टीतला आवाज, आणि तो त्यांना येत होता, अगदी स्वच्छ येत होता. पुलावर उभा आहे मी. खाली पाणी, वर कुणी आहे का? टेलरबाईंनी डोळे मिटले. शब्द न् शब्द त्यांना आठवत होता. दुसरं कडवं आलं. असलास तर एकदा हो म्हण. मोठ्यानं नको. माझ्यापुरतं म्हण.

इथंच ती सुई उचलली गेली होती. टेलरबाईंनी कान जाळीवर आणखी दाबला. जाळीची नक्षी गालावर उमटेल इतका.

ढोल वाजत राहिला.

फक्त ढोल. एक, दोन, तीन, चार. त्या थांबल्या. असेल, गाण्यांत मध्ये असा वाद्यांचा तुकडा असतो. पाच, सहा, सात. घोगऱ्या काही येईना. सगळं गाणं एवढंच होतं की काय? एवढ्यासाठी आपण चाळीस वर्षं जीव टांगून ठेवला? त्यांनी डोळे उघडून मागं पाहिलं.

सरांची वही मांडीवरून खाली पडली होती आणि त्यांनी ती उचलली नव्हती. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून हातात धरला होता, तो पुसत मात्र नव्हते. पोस्टमन खुर्चीत ताठ उठून बसले होते, अर्ध्या गालाला फेस तसाच. आणि सलूनवाले भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांचा असा चेहरा टेलरबाईंनी एकदाच, मुलीच्या जन्माच्या वेळी पाहिला होता. चौघंही काहीतरी ऐकत होते.

ढोल थांबला. सुई पुढच्या गाण्याकडे सरकली. टेलरबाईंनी उठून ती उचलली.

"कोण गात होतं?" त्यांनी विचारलं.

सर वही उचलायला खाली वाकले.

"मी विचारतेय, ढोलावर कोण गात होतं?"

"मुलगी होती एक," पोस्टमन म्हणाले. ते रडत होते. "लहान मुलगी, वहिनी. सात-आठ वर्षांची असेल. फार वरच्या पट्टीत. घोगऱ्या गप्प होतो आणि शेवटचं कडवं ती गाते. तुम्हाला... नाही आलं?"

बारीक आवाज. डॉक्टरांच्या कागदावरची ती खाली जाणारी रेघ. गेल्या वर्षी हे गाणं लागलं असतं तर ती मुलगी त्यांना ऐकू आली असती. पाच वर्षांपूर्वी आली असती, वीस वर्षांपूर्वी, त्या एका खोलीत जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या तेव्हा तर आलीच असती. फक्त एक कडवं हा माणूस बसून राहिला असता तर!

त्या नवऱ्याकडे गेल्या, त्यांनी त्याच्या हातातला वस्तरा काढून फळीवर ठेवला, मनगट धरून त्याला स्पीकरपाशी आणलं, स्टुलावर बसल्या आणि त्याला आपल्या उजव्या बाजूला उभं केलं.

"मी परत लावतेय," त्या म्हणाल्या. "ती काय म्हणते ते तू सांगायचं. माझ्या कानात."

"मला... मला ते म्हणवणार नाही गं."

"म्हणवेल. खालच्या पट्टीत बोल, म्हणजे मला येईल."

सुई पुन्हा टेकली. पूल आला, पाणी आलं, हो म्हण आलं. मग नुसता ढोल. सलूनवाले वाकले, तोंड बायकोच्या कानाला लावलं, आणि तसेच ऐकत राहिले. टेलरबाईंनी त्यांचं मनगट दाबलं.

"ती म्हणतेय..." त्यांनी श्वास घेतला. "रात्रभर उभी राहिले, कुणी हो म्हटलं नाही."

ढोल.

"सगळ्यांचे दिवे विझले. मी हाक बंद केली नाही."

"पुढं."

"नसशील तर नसशील तू." त्यांचा आवाज फाटला. "पण मी आले होते, हे आता कुणाला सांगू?"

ढोल दोनदा वाजला आणि थांबला. सुई टेलरबाईंनीच उचलली. बाहेरून कुणीतरी दार ढकलून पाहिलं आणि कडी आहे म्हणून परत गेलं, ते चौघांनाही ऐकू आलं. टेलरबाईंना आलं नाही.

"तो गुडघे टेकत नाही," सलूनवाले म्हणाले. ते स्वतःशीच बोलत असावेत, पण तोंड अजून तिच्या कानाशीच होतं. "अगं, त्याला उत्तर मिळतच नाही. हे गाणं... हे तर माझं गाणं होतं. पट्टा बसायचा त्या रात्री मी हेच..." ते खाली बसले, बायकोच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. "चुकलो गं. मी एक कडवं थांबलो असतो... माझ्यावर रागावू नकोस."

सर आणि चष्मेवाले खाली मान घालून बसले होते. पोस्टमननी आरशाशेजारचा नियम काढायला हात पुढं केला, पण डोळे पुसताना हाताला फेस लागला होता, कागद धरता येईना.

टेलरबाईंनी नवऱ्याच्या केसांवर हात ठेवला. हात ठेवला म्हणजे राग गेला असं नव्हे. राग चाळीस वर्षांचा होता आणि जागच्या जागी होता.

"रागावणार," त्या म्हणाल्या. "रागवायला कान लागत नाहीत. मंगळवारनंतरही रागावणार, आणि तू लिहून दिलेल्या माफ्या वाचून आणखी रागावणार. पण अजून तीन दिवस आहेत, आणि रेकॉर्ड तीन आहेत. ऊठ. चौथं गाणं लाव. आणि त्यानं त्या मुलीला किंवा आणखी कुणाला वरच्या पट्टीत गाऊ दिलंय का, ते मला नीट सांगत जा."

सलूनवाले उठले. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, सुई चौथ्या गाण्यावर टेकवली आणि बायकोच्या उजव्या बाजूला येऊन वाकून उभे राहिले. चौथ्या गाण्यात पहिल्या ओळीपासूनच देव होता. त्यांनी तो मोठ्यानं म्हटला.